गुळगुळीत रस्त्यावर सरळ, खडबडीत रस्त्यावर भरकटते: दोनदा अलाइनमेंट करूनही फरक नाही

घाटवाट

नमस्कार मंडळी. गेले दोन महिने डोकं खाणारा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी छोटी हॅचबॅक. वय ८ वर्षं, ९२,००० किमी झाले आहेत. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा), स्टिअरिंग इलेक्ट्रिक पॉवरचं. नव्या डांबरी रस्त्यावर ८०-९० च्या वेगाने हात सैल सोडले तरी गाडी रेषेत जाते. पण रस्ता जरा उंचसखल झाला, ठिगळं लागली, डांबराचे थर वरखाली असले, की गाडी माझी राहत नाही. डावं चाक खळग्यात गेलं की नाक डावीकडे वळतं, मी सावरतो, मग ते जरा जास्तच उजवीकडे जातं. तासाभराने खांदे भरून येतात. बायको शेजारी बसलेली असते, ती म्हणते की गाडी चालत नाही, पोहते आहे. अगदी तसंच वाटतं.

आतापर्यंत काय झालं: तीन महिन्यांपूर्वी पुढचे दोन्ही शॉक अॅब्सॉर्बर आणि वरचे माउंट बदलले. त्यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवून घेतले. दोन आठवड्यांनी त्रास जाणवला, म्हणून दुसऱ्या ठिकाणी पुन्हा अलाइनमेंट. दोन्ही वेळा कागदावर सगळे आकडे हिरवे. दोन्हीकडे उत्तर एकच, "गाडीत काही नाही, रस्ताच तसा आहे."

रस्ता तोच आहे हो. याच रस्त्यावर ही गाडी सात वर्षं नीट चालत होती. कुठून सुरुवात करू?

रात्रप्रवासी

आधी हवा तपासा. गाडी रात्रभर उभी असताना, टायर थंड असताना, आणि दरवाज्याच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिली आहे तेवढीच. माझ्या गाडीत एका चाकात ६ पीएसआय कमी होती, तेवढ्याने गाडी त्या बाजूला ओढत होती. सोपी गोष्ट आहे, पण आधी ती बाजूला काढा.

पानेवाला

धागाकर्ते, वर्णन चांगलं दिलंत. मी बरीच वर्षं अलाइनमेंटच्या खड्ड्यात उभा राहून काम केलंय, म्हणून जरा लांबीने लिहितो.

"गाडी ओढते" या एका वाक्यात लोक तीन वेगळ्या तक्रारी सांगतात आणि तिथेच निम्मा वेळ वाया जातो.

पहिली, खरोखरचं ओढणं. सपाट सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग एका बाजूला धरून ठेवावं लागतं. त्यात टायर, कास्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे कललेला कोन) आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) यांतला डाव्या-उजव्याचा फरक, किंवा चिकटलेला ब्रेक कॅलिपर बघायचा.

दुसरी, भरकटणं. गाडी ठरावीक बाजूला जात नाही, पण सतत इकडेतिकडे हलते आणि सतत दुरुस्त करावी लागते. कास्टर कमी असणं, पुढचा टो (वरून बघताना चाकं आत की बाहेर वळलेली तो कोन) बाहेर जाणं, टाय रॉड किंवा रॅकमधला (स्टिअरिंगपासून चाकं वळवणारे दांडे) प्ले म्हणजे ढिलेपणा, मागच्या बीमचे सैल बुश (रबरी सांधे) अशी कारणं यात येतात.

तिसरी तुमची दिसतेय. धक्का बसला की दिशा बदलते. चाक वर-खाली किंवा पुढे-मागे सरकताना ते नको तिकडे वळतंय.

तर काही प्रश्न. यांची उत्तरं गाडीत बसून शोधा, अंदाजाने देऊ नका.

धक्का बसतो तेव्हा आधी स्टिअरिंग हातात हिसका देतं, की स्टिअरिंग स्थिर असताना गाडीच वळते? स्टिअरिंग आधी हललं तर संशय पुढे. स्टिअरिंग शांत आणि मागून कोणी ढकलल्यासारखं वाटलं तर मागचा बीम. ही खात्रीची खूण नाही, पण दिशा देते.

ब्रेक लावताना गाडी कुठे जाते? जोरात अॅक्सिलरेटर दाबल्यावर कुठे? आणि एकदम पाय काढल्यावर?

वळणातून बाहेर येताना स्टिअरिंग आपोआप मध्यावर येतं का?

चाकं किंवा टायर मापाबाहेरचे लावलेत का?

आणि तो हिरवा कागद. त्यावरचे खरे आकडे इथे लिहा. हिरव्या रंगाने मला काही कळत नाही.

मिताक्षरी

वाचते आहे. माझ्या गाडीलाही हेच होतं, पण फक्त मागे सामान भरल्यावर. उत्तरं आली की माझंही लिहीन.

घाटवाट

@रात्रप्रवासी, हवा आज सकाळी बघितली. पुढे डावीकडे ३१, उजवीकडे ३३, सांगितलेली ३३. सगळीकडे ३३ केली. फरक नाही.

@पानेवाला, आज मुद्दाम मोकळ्या रस्त्यावर जाऊन बघितलं.

हिसका आधी स्टिअरिंगला जाणवतो आणि लगेच गाडी वळते. ब्रेक जोरात लावला तर डावीकडे जाते, हळू लावला तर कळतही नाही. दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तर नाक किंचित उजवीकडे, पाय काढला की परत डावीकडे. हे मी आधी कधी लक्ष देऊन बघितलंच नव्हतं. सपाट रस्त्यावर एका लयीत चालवतो, म्हणून दिसलं नसावं.

वळणानंतर स्टिअरिंग मध्यावर येतं. टायर कंपनीच्याच मापाचे, चाकंही मूळची.

कागदावरचे आकडे: पुढचा कास्टर डावा ३°०५′, उजवा ३°२५′. कॅम्बर डावा उणे ०°२५′, उजवा उणे ०°२०′. पुढचा एकूण टो ०°०६′ आत. मागे सगळं मर्यादेत, थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीला ज्या दिशेने ढकलतात तो कोन) ०°०२′.

चारचाकी

आकडे चांगलेच आहेत. मग मी टायरकडे बघेन.

टायरच्या आतला पट्टा बनवताना जरासा एका बाजूला सरकलेला असला, तर टायर घरंगळताना शंकूसारखा वागतो. जमिनीवर शंकू ढकलून बघा, तो सरळ जात नाही, टोकाच्या बाजूला वळतो. असा टायर बाहेरून एकदम निरोगी दिसतो, बॅलन्सिंगला दोष देत नाही, अलाइनमेंटच्या आकड्यात येत नाही.

चाचणी फुकटची आहे. पुढची दोन चाकं आपापसात बदला. ओढण्याची बाजू बदलली तर टायर. बदलली नाही तर गाडी. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असलेले टायर असतील तर डावं-उजवं करू नका, त्याच बाजूचं मागचं चाक पुढे घ्या.

शिवाय हात फिरवून बघा. तळवा टायरच्या नक्षीवर आडवा फिरवा. एकीकडून मऊ आणि उलट फिरवताना करवतीसारखं टोचत असेल तर टो कधीतरी चुकीचा होता, किंवा गाडी चालताना चुकतो.

पानेवाला

"किंवा गाडी चालताना चुकतो." चारचाकी, हे शेवटचे शब्द फार महत्त्वाचे लिहिलेत. त्याकडे येतोच.

कमानपाटा

हॅचबॅकचा विषय आहे, पण शिडीच्या चासीवाली, मागे पाट्यांची स्प्रिंग असलेली गाडी चालवणारे कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहितो. आमच्याकडे याच तक्रारीची कारणं वेगळी असतात.

पाट्यांचे यू बोल्ट सैल झाले किंवा मधला बोल्ट तुटला, तर मागचा अख्खा अॅक्सल पाट्यावर पुढे-मागे सरकतो. मागची चाकं तिरकी, गाडी खेकड्यासारखी. शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती कडी) बुश संपले तर प्रत्येक खड्ड्यात मागचा भाग आडवा डुलतो. पुढे सलग अॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग असेल तर पॅनहार्ड रॉडचा बुश बघायचा. तो अॅक्सलला आडवा धरून ठेवतो. त्यात थोडा जरी प्ले आला तरी बॉडी एकीकडे, अॅक्सल दुसरीकडे आणि मधला माणूस स्टिअरिंग फिरवत बसतो. जुन्या स्टिअरिंग बॉक्समध्ये प्ले असला तर मध्यावर दोन-तीन बोटं चाक फिरवूनही काही होत नाही. तो स्क्रू आवळून प्ले घालवायची घाई मात्र करू नका. जास्त आवळला की स्टिअरिंग मध्यावर अडकतं आणि गाडी आधीपेक्षा जास्त भरकटते.

मी यू बोल्टचं शिकलो ते एका लांबच्या प्रवासात, पूर्ण भार असताना. तेव्हापासून पाटे उघडले की ठरावीक किलोमीटरनंतर ते बोल्ट पुन्हा तपासतो.

मोकळी_खिडकी

धागाकर्त्यांची चाकं मूळची आहेत, तरी लिहिते, कारण माझ्या बाबतीत हेच निघालं होतं.

मी दिसायला छान म्हणून दुसऱ्या ऑफसेटची (चाकाचा मध्य आणि ते बोल्टने बसतं ती जागा यांतलं अंतर) अलॉय लावली होती. ऑफसेट ४५ ऐवजी ३५. फरक फक्त १० मिमी, पण चाकाचा मध्य तेवढा बाहेर गेला. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष जमिनीला जिथे टेकतो, तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. हे अंतर म्हणजे तरफेचा दांडा. चाकाला समोरून धक्का बसला की या दांड्याच्या लांबीच्या प्रमाणात त्याला स्टिअरिंग फिरवायला बळ मिळतं. माझ्या गाडीत तो दांडा लांबला आणि प्रत्येक ठिगळ हातात जाणवायला लागलं. मूळची चाकं परत लावली, गाडी शांत झाली. रुंद टायरनेही खोबणी पकडून चालण्याची सवय लागते, पण ते वेगळं जाणवतं. त्यात गाडी खोबणीच्या ओळीने सरकत राहते, हिसका देत नाही.

रात्रप्रवासी

मध्येच एक. रस्त्याच्या उताराचाही विचार करा. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता असतो. वाहतूक डावीकडून असेल तर गाडी हलकीशी डावीकडे, उजवीकडून असेल तर उजवीकडे सरकणारच. तो दोष नाही. सपाट मोकळ्या जागेत दोन्ही दिशांनी चालवून बघायचं.

पानेवाला

आता मुख्य गोष्ट.

घाटवाट, तुमच्या उत्तरात एक ओळ आहे जिने माझं जवळपास ठरलं. ब्रेक लावला की डावीकडे, अॅक्सिलरेटर दाबला की उजवीकडे, सोडला की डावीकडे. म्हणजे बळाची दिशा बदलली की गाडीची दिशा बदलते. टायर शंकूसारखा असता तर तो ब्रेक-अॅक्सिलरेटर बघत बसला नसता, सतत एकाच बाजूला ओढत राहिला असता. म्हणून चारचाकींनी सांगितलेली चाचणी करा जरूर, पण माझा अंदाज आहे की तिथे काही सापडणार नाही.

अलाइनमेंटचं मशीन काय मोजतं? उभी गाडी. पुढची चाकं फिरत्या तबकड्यांवर, इंजिन बंद, चाकाला ना ब्रेकचं बळ ना खड्ड्याचा धक्का. तुमची तक्रार मात्र चाकाला धक्का बसल्यावरच सुरू होते. अशा स्थितीत सगळे आकडे हिरवे येणं आणि गाडी रस्त्यावर नीट नसणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. "गाडीत काही नाही" हे मात्र खरं नाही. माझ्या व्यवसायातली माणसं हे वाक्य फार लवकर बोलतात आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण समोरचा माणूस मग स्वतःच्या हातांवरचा विश्वास गमावतो.

आता तुमच्या गाडीच्या लोअर आर्मकडे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याकडे बघू. इंग्रजी एल अक्षरासारखा त्याचा आकार. बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, आत सबफ्रेमला (बॉडीखालची लोखंडी चौकट) दोन बुश. पुढचा बुश साधारण चाकाच्या रेषेत, लहान आणि कडक, तो आडवं बळ घेतो. मागचा बुश मोठा आणि मऊ. तो मुद्दामच मऊ असतो, म्हणजे चाक खड्ड्यात आपटलं की किंचित मागे जाऊन धक्का पचवेल. या मागच्या बुशचं रबर फाटलं की चाक "किंचित" नाही तर बरंच मागे जातं. चाक मागे गेलं की कास्टर कमी होतो आणि टोही बदलतो. कास्टर ज्या बाजूला कमी, गाडी त्या बाजूला जाते.

तुमच्या वर्णनाशी जुळवून बघा. डावं चाक खळग्यात, चाक मागे, डावा कास्टर कमी, नाक डावीकडे. जोरात ब्रेक, तेच. अॅक्सिलरेटर दाबला की पुढची चाकं गाडीला ओढतात, डावं चाक पुढे सरकतं, कास्टर वाढतो, नाक उजवीकडे. कागदावरही डावा कास्टर २०′ नी कमी आहे. एवढा फरक मर्यादेत असतो, नुसत्या त्यावरून मी काही म्हटलं नसतं. पण बाकीच्यासोबत वाचला की तो बोलायला लागतो.

दुसरी शक्यताही सांगून ठेवतो, कारण लक्षण सारखंच दिसतं. तिला बंप स्टिअर म्हणतात. चाक वर-खाली होताना लोअर आर्मचं टोक एका कंसात फिरतं आणि टाय रॉडचं टोक दुसऱ्या कंसात. दोन कंस जुळले तर टो तसाच राहतो. गाडी खाली बसवली, उंच केली, रॅकचे बुश झिजून रॅक एका बाजूला कलली, किंवा टाय रॉड वाकला, तर कंस जुळत नाहीत आणि प्रत्येक उसळीला चाक स्वतःच वळतं. हे मशीनवर बघता येतं, फक्त कोणी बघत नाही. पडद्यावर टोचे चालू आकडे ठेवायचे आणि दोघांनी पुढचा बंपर दाबून सोडायचा. दोन्ही बाजूंचा टो सारखाच बदलला पाहिजे. एकाच बाजूचा पळाला तर तिथे काहीतरी आहे.

आता तपासणी. क्रम मोडू नका.

सुरुवात गाडी जमिनीवर, चारही चाकांवर भार असताना. रॅम्पवर किंवा खड्ड्यावर, नुसत्या जॅकवर कधीही नाही. एकाने इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग भराभर थोडं थोडं डावं-उजवं करायचं, दुसऱ्याने खालून प्रत्येक सांधा बघायचा आणि शक्य तिथे हात ठेवायचा. टाय रॉड एंड, रॅक एंड, रॅकचे माउंट, स्टिअरिंग कॉलमचा सांधा. प्ले डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतो.

मग पुढचा भाग उचलून स्टँडवर. चाक घड्याळातल्या ३ आणि ९ च्या ठिकाणी धरून हलवा, हा टाय रॉडचा प्ले. १२ आणि ६ ला हलवा, हा बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. यातलं कोणतं ते कळायला कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट.

शेवटी टॉमी (लांब लोखंडी पहार) घ्या, लोअर आर्म आणि सबफ्रेममध्ये मागच्या बुशजवळ घाला आणि आर्मला पुढे-मागे ढकला. नुसत्या डोळ्यांनी बघू नका. फाटलेला बुश उभ्या गाडीत बऱ्याचदा मिटलेल्या तोंडासारखा असतो, जोर दिला की उघडतो. रबरावर वरवरच्या भेगा असणं वेगळं, ते वयाने येतं. आतली लोखंडी नळी रबरापासून सुटलेली दिसली तर तो बुश गेलेला आहे.

टॉमी चालवता येत नसेल तर एक सोपी युक्ती. फोन जमिनीवर आडवा ठेवा, चाकाच्या बाजूला, म्हणजे चाक आणि मडगार्डची कड दोन्ही चित्रात येतील. मोकळ्या सपाट जागेत गाडी चालण्याच्या वेगाने फोनसमोरून पुढे न्या आणि बरोबर फोनसमोर जोरात ब्रेक लावा. नंतर ते चित्रण सावकाश लावून चाक आणि कड यांमधलं अंतर बघा. दुसऱ्या बाजूनेही तेच करा. जवळ कोणीही उभं राहू देऊ नका.

चारचाकी

हे सगळं मान्य. चाक मागे जाण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तरी टायर अदलाबदल करून बघाच, दहा मिनिटांचं काम आहे.

घाटवाट

दोन दिवसांनी लिहितोय.

पुढची चाकं अदलाबदल केली. काही फरक नाही. हात फिरवून बघितला तेव्हा आधी डावीकडे असलेला टायर आतल्या कडेला करवतीसारखा लागला. उजवा जवळजवळ गुळगुळीत.

फोनची युक्ती मुलीने केली, तिला चित्रण नीट जमतं. ती लांब उभी, फोन जमिनीवर. उजवं चाक ब्रेक लावल्यावर कडेच्या तुलनेत हललेलं कळतही नाही. डावं चाक अगदी स्पष्टपणे मागे सरकतं, जवळपास बोटभर, आणि गाडी थांबली की परत पुढे येतं. आम्ही तो तुकडा दहा वेळा लावून बघितला. दोन महिने जे मला हातात जाणवत होतं आणि कोणी मान्य करत नव्हतं, ते समोर हलताना बघून खरं सांगतो, हलकं वाटलं.

आज रॅम्पवर गेलो. टाय रॉड, रॅक, बॉल जॉइंट सगळं घट्ट. टॉमी लावली तर डाव्या आर्मच्या मागच्या बुशचं रबर अर्ध्याहून जास्त घेरात सुटलेलं. न दाबता बघितलं तर काही दिसत नव्हतं.

आता प्रश्न. फक्त बुश बदलावा की पूर्ण आर्म? आणि एकच बाजू की दोन्ही?

मिताक्षरी

अभिनंदन. पण एक प्रश्न मला सतावतोय. तीन महिन्यांपूर्वी शॉक बदलले आणि त्यानंतर त्रास सुरू झाला. बुश त्याच सुमारास फाटला हा नुसता योगायोग?

माझ्या गाडीत शॉक बदलल्यावर वरच्या माउंटचं बेअरिंग नीट बसलं नव्हतं. त्याने गाडीला आठवण लागते. उजवं वळण घेतलं की नंतर उजवीकडेच जात राहते, डावं घेतलं की डावीकडे. चाक वळायला अडकतं आणि सोडल्यावर पूर्ण परत येत नाही. तुमचं स्टिअरिंग मध्यावर येतं म्हणता, म्हणजे तसं नाही, तरी बोनेट उघडून माउंटवर हात ठेवून कोणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा. अडखळत, टणत्कार देत फिरत असेल तर कळेल.

इलेक्ट्रिक स्टिअरिंग आहे तर आणखी एक. अलाइनमेंटमध्ये स्टिअरिंगचं मधलं स्थान बदललं असेल तर काही गाड्यांत अँगल सेन्सरला नवा मध्य शिकवावा लागतो. नाहीतर मोटर चुकीच्या जागेला मध्य समजते.

पानेवाला

मिताक्षरी, अगदी योग्य प्रश्न. मला दोन शक्यता दिसतात.

एक, बुश आधीच अर्धा गेलेला होता. जुन्या, मेलेल्या शॉकमुळे गाडी सगळीकडेच उसळत होती, त्या गोंधळात हे वेगळं जाणवलं नाही. शॉक नवे झाले, बाकीचं शांत झालं आणि हे उघडं पडलं.

दोन, आणि हिच्यावर माझा जास्त संशय. शॉक काढताना आर्मचे बोल्ट सैल केले आणि चाकं हवेत लोंबत असताना परत आवळले. रबरी बुश फिरत नाही, तो पिळवटतो. आतली नळी बोल्टने पकडलेली, बाहेरची आर्मला घट्ट, हालचाल मधल्या रबराच्या पिळातून होते. लोंबत्या स्थितीत आवळलं तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, आणि वयस्क रबर मग काही आठवड्यांत फाटतं. म्हणून हे बोल्ट गाडी चारही चाकांवर असताना, किंवा जॅकने आर्म नेहमीच्या उंचीला आणून, मगच शेवटचे आवळायचे. टॉर्क रेंचने, त्या गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला.

घाटवाट, आर्म वाकलेला नसेल आणि बॉल जॉइंट घट्ट असेल तर नुसता बुश प्रेसवर बदलता येतो. बसवताना त्याची दिशा जुन्या बुशसारखीच ठेवायची. त्यातल्या पोकळ्या उगाच नसतात, ठरावीक दिशेला मऊपणा यावा म्हणून असतात. नव्वद अंश चुकीचा बसवला तर नवीन बुशही तेच दुखणं देईल. बॉल जॉइंट आर्ममध्येच रिव्हेट केलेला असेल आणि गाडी ९२,००० किमी चाललेली असेल, तर मी पूर्ण आर्म घालतो. दोन्ही बाजूंना. एक बाजू कडक आणि दुसरी मऊ ठेवली तर ब्रेकमध्ये गाडी पुन्हा एका बाजूला झुकते.

त्यानंतर अलाइनमेंट पुन्हा करावीच लागेल. तो कागद इथे टाका.

कमानपाटा

हवेत लोंबत आवळण्याचा मुद्दा पाट्यांच्या रबरी बुशनाही तसाच लागू. हे कोणी सांगत नाही, लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

मोकळी_खिडकी

काहीजण अशा वेळी रबराऐवजी कडक पॉलीयुरेथेन बुश घालायला सांगतात. तुमचा अनुभव काय?

पानेवाला

स्टिअरिंग जास्त नेमकं लागतं, पण धक्का आणि आवाज सरळ बॉडीत येतो. मागच्या मोठ्या बुशला मऊपणा दिला आहे तो पचवण्यासाठी. रोजच्या गाडीत मी रबरच घालतो.

घाटवाट

शेवटची माहिती.

दोन्ही आर्म नवीन घातले, माझ्यासमोर. बोल्ट हाताने लावून गाडी रॅम्पवर चाकांवर आणली, पुढून दोन-तीनदा दाबून बसू दिली, मग टॉर्क रेंचने आवळले. कारागिराला मी पानेवाल्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की शॉक बदलताना बरेचदा गाडी लिफ्टवर असतानाच आवळतात, वेळ वाचतो म्हणून.

जुने दोन्ही आर्म घरी आणले. उजव्याच्या मागच्या बुशलाही एका बाजूने साधारण तीन सेंटिमीटरची चीर आहे, आणखी काही महिन्यांत तोही गेला असता. वरच्या माउंटवर हात ठेवून बघितलं, दोन्ही मऊ फिरतात. सेन्सरला मध्य शिकवून घेतला.

नवीन कागद: कास्टर डावा ३°२०′, उजवा ३°२५′. कॅम्बर उणे ०°२०′ दोन्हीकडे. एकूण टो ०°०६′ आत. बंपर दाबून टो बघायला सांगितलं, दोन्ही बाजू सारख्याच हलल्या.

काल संध्याकाळी त्याच ठिगळांच्या रस्त्याने गेलो. डावं चाक मुद्दाम त्याच खळग्यात घातलं. खाली दणका बसला, आवाज आला, स्टिअरिंग होतं तिथेच राहिलं. मुलीने मागून विचारलं, "बाबा, खड्डा आला का?"

करवत झालेला टायर सध्या मागे टाकलाय. तो थोडा घुमतो. बदलू की झिजू देऊ?

चारचाकी

नक्षी पुरेशी शिल्लक असेल तर झिजू द्या. टो आता बरोबर आहे, त्यामुळे करवत वाढणार नाही. आवाज हळूहळू कमी होईल, पण पूर्ण जाईलच असं नाही. दर काही आठवड्यांनी तळवा फिरवून बघत राहा. पुढच्या दोन टायरवर पुन्हा टोचायला लागलं तर लगेच इथे लिहा.

मिताक्षरी

मी माझ्या गाडीची फोनची चाचणी मागच्या चाकांवर केली, मागे सामान भरून. बीमचं उजवं टोक डाव्यापेक्षा स्पष्ट जास्त सरकतंय. चित्र नीट येत नाहीये, उद्या उजेडात पुन्हा करते आणि वेगळा धागा काढते. पानेवाले, तिकडे याल ना?

पानेवाला

येतो. बीमच्या बुशच्या बोल्टचाही फोटो काढा, आणि गाडी भरलेली व रिकामी अशा दोन्ही वेळचं मागचं अंतर, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, डावं-उजवं मोजून लिहा.